विसर्जनानंतरचे नऊ महिने: एका ढोल पथकाच्या बॅटऱ्यांचं प्रकरण

जून २०२४ चा दुसरा रविवार. पुण्यात म्हात्रे पुलाजवळच्या आमच्या शेडमध्ये वाद्यपूजन होतं. नारळ फुटला, ढोलांना हळदकुंकू लागलं, पोरांनी पहिला गजर केला. मग साहित्यप्रमुखाने कोपऱ्यातलं एक गोणपाट पुढे ओढलं आणि त्यातले वॉकी-टॉकी एकेक करून चटईवर मांडले. बटण फिरवलं, काही नाही. दुसरा, तेच. आठ झाले तरी एकाचाही दिवा लागला नाही. "काका, चार्जिंग उतरलं असेल," तो म्हणाला. उतरलेलंच होतं, पण ते पुन्हा चढण्यातलं नव्हतं.

मी या पथकात टोल (घंटेसारखी धातूची थाळी) वाजवतो आणि पोटासाठी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करतो, त्यामुळे तपास माझ्याकडे आला. त्या दिवसापासून पुढच्या वाद्यपूजनापर्यंत काय सापडलं, काय बदललं आणि काय तरीही चुकलं, ते इथे लिहून ठेवतोय. पथक असो, ट्रेकिंगचा ग्रुप असो की लग्नात लाइट लावणारा असो, वर्षातून दोन-तीन महिने राबणारं आणि बाकी पडून राहणारं चार्जिंगचं सामान ज्याच्याकडे आहे त्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

सामान एवढंच होतं: बारा वॉकी-टॉकी, १५०० मिलिअँपिअर-अवरची एकसेली लिथियम-आयन बॅटरी असलेले. दोन ट्रॉली स्पीकर, आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी. सहा डोक्याचे टॉर्च, दोन पॉवर बँक, ध्वजांचे स्टँड जोडायला एक कॉर्डलेस ड्रिल, तिचे दोन पॅक. कॉर्डलेस माइकसाठी चार निकेलचे रिचार्जेबल सेल. आणि साध्या मोठ्या सेलवर चालणारा एक भोंगा. पाडव्याच्या शोभायात्रेला आम्ही जात नाही. त्यामुळे अनंत चतुर्दशीला बंद झालेलं हे सगळं थेट जूनमध्येच उघडतं.

मूळ चूक जूनमधली नव्हतीच, ती २९ सप्टेंबर २०२३ च्या सकाळची होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर शिरलेलं पथक अलका टॉकीजच्या चौकात पोचलं तेव्हा उजाडून गेलं होतं. हाताला फोड, घसा बसलेला, पायात गोळे. अशा अवस्थेत टेम्पोतून सामान उतरवून शेडमध्ये टाकलं जातं. ढोलांची दोरी सैल करायची हे मात्र झोपेतही कुणी विसरत नाही, कारण पान ताणलेलं राहिलं तर फाटतं हे प्रत्येकाने एकदा तरी पाहिलेलं असतं. बॅटरीचं नुकसान असं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वॉकी-टॉकी जसे होते तसे गोणपाटात गेले. चार उरले, ते कुणीतरी मोठ्या आपुलकीने चार्जरच्या स्टँडमध्ये खोचून ठेवले. बोर्ड चालूच होता.

म्हणजे न ठरवता एक प्रयोगच लागून गेला. आठ रिकाम्या बॅटऱ्या पोत्यात, चार भरलेल्या बॅटऱ्या चार्जरवर, आणि वर पत्रा.

गोणपाटातल्या आठांपैकी तिघांचं बटण चालू होतं. हा शोध मला फार आवडला. वॉकी-टॉकीचं चालू-बंदचं आणि आवाजाचं बटण एकच, वर उभं राहिलेलं. पोत्यात एकमेकांवर रेटताना ते सहज फिरतं. एकाच्या बटणात गोणपाटाचा सुतळीसारखा धागा अजून अडकलेला होता, तो काढताना 'टक' असा बारीक आवाज झाला आणि बटण बंद झालं. म्हणजे हा गडी मिरवणूक संपल्यावरही पोत्यात बसून ड्यूटी करत होता. नुसता ऐकत बसलेला संच साधारण चाळीस मिलिअँपिअर खातो. भरलेली बॅटरीसुद्धा दीड-दोन दिवसांत संपते, आणि या तर रात्रभर चाललेल्या.

उरलेले पाच बंद होते, मग ते का मेले? 'बंद' हा शब्द इथे फसवा आहे. आजकालच्या बऱ्याच उपकरणांत बटण बंद केलं तरी आतला एखादा भाग बॅटरीला चिकटून थेंबथेंब पीत राहतो. मी एक संच मल्टिमीटरला जोडून पाहिला तर बंद अवस्थेत ५० मायक्रोअँपिअर जात होते. एक मिलिअँपिअरचा विसावा भाग, एरवी हसण्यावारी नेण्यासारखा. पण हिशोब करा: ०.०५ गुणिले २४ तास गुणिले २७० दिवस, म्हणजे ३२४ मिलिअँपिअर-अवर. मिरवणुकीनंतर बॅटरीत वीस टक्के शिल्लक धरली तर ते झाले ३००. म्हणजे शिल्लक बरोबर तेवढ्यातच संपते आणि सेल घसरतो. बॅटरी संचातून नुसती काढून ठेवली असती, तर फक्त तिच्या आतल्या संरक्षक सर्किटची भूक उरली असती, ती याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास.

पॅक उघडून थेट सेलवर मोजलं. (बाहेरच्या पट्ट्यांवर शून्य दिसलं म्हणजे सेल शून्यावर आहे असं नसतं, संरक्षक सर्किटने दार लावून घेतलेलं असू शकतं.) चालू राहिलेले तीन सेल एक व्होल्टच्याही खाली. बंद असलेल्यांपैकी चार १.४ ते २.३ च्या दरम्यान आणि एक नशीबवान २.९ वर. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, आणि अडीचच्या खाली तो जाऊ नये. त्याखाली बराच काळ राहिला तर आतल्या ऋण बाजूच्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं. पुढे चार्जिंगला लावला की ते तांबं भलत्याच ठिकाणी साचतं, आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची वाट तयार होते. सेल मेला एवढ्यावर भागत नाही, तो जिवंत झाल्यासारखा दाखवून नंतर दगा देऊ शकतो.

हे सांगायचं कारण, आमच्याच एका वादकाने "काका, माझ्या ओळखीचा आहे, तो दुसऱ्या बॅटरीचा झटका देऊन उठवतो" म्हणून दोन बॅटऱ्या परस्पर नेल्या आणि खरंच उठवून आणल्या. मी त्या तशाच बाजूला काढल्या. पोरं नाराज झाली. २.९ वाला सेल मी स्वतः हळू चार्ज करून वापरात घेतला, तो आजही चालतो. एक व्होल्टवर महिनोन्‌महिने पडलेला सेल मात्र कुणी फुकट दिला तरी कुणाच्या कमरेला लावणार नाही. गर्दीत, घामात, गुलालात वॉकी-टॉकी अंगाशी असतो.

आता चार्जरवरचे चार. पोरांच्या मते हे नक्की वाचायला हवे होते, कायम भरलेले ना! दोन संचांतून बॅटरी बाहेरच निघेना. फुगून खाचेत घट्ट बसली होती. उरलेल्या दोन निघाल्या, चालू झाल्या, पण नव्या असताना सरावाचे दोन दिवस जाणारी बॅटरी आता दीड तासात चीं करू लागली.

लिथियमचा स्वभाव असा, की पूर्ण भरलेला सेल म्हणजे सतत ताणलेली दोरी. त्या व्होल्टेजला आतला द्रव इलेक्ट्रोडशी हळूहळू अभिक्रिया करतो, थर साचतो, वायू होतो, क्षमता जाते. उष्णता मिळाली की हे सगळं वेगाने होतं. बॅटरीच्या संदर्भांत नेहमी दिला जाणारा एक तक्ता आहे: चाळीस टक्के भरलेला सेल २५ अंशांना वर्षभर ठेवला तर सुमारे ९६ टक्के क्षमता उरते, पूर्ण भरून ठेवला तर ८०. तापमान ४० अंश झालं की हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. सगळ्या सेलना हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत, पण दिशा तीच. आणि आमचा पत्रा काही ४० वर थांबणारा नव्हे. २०२४ च्या एप्रिलमध्ये पुण्यातच पारा चाळिशीपार गेला होता, पत्र्याखाली काय झालं असेल याचा आकडा तेव्हा नव्हता. तो पुढच्या वर्षी मिळाला.

स्पीकरची गोष्ट उलटी, आणि गंमत तिथेच आहे. एक स्पीकर साहित्यप्रमुखाने शेडमध्ये नीट प्लास्टिक गुंडाळून, वर पथकाचं नाव लिहून ठेवला होता. तो ठार मेला. दुसरा ध्वजपथकातल्या एका मुलीने नवरात्रात सोसायटीच्या भोंडल्यासाठी नेला, तिथून तो कुणाच्या तरी साखरपुड्याला गेला, मग गच्चीवरच्या कोजागिरीला, मग हळदीकुंकवाला. परत मागायला गेलो तेव्हा त्याचं एक चाक नव्हतं, जाळीवर चहाचे डाग होते आणि बॅटरी अगदी ठणठणीत. कारण जो नेई तो वापरून झाल्यावर चार्ज करून ठेवी.

लेड-ॲसिडला रिकामं ठेवलेलं चालत नाही, अर्धं ठेवलेलंही चालत नाही. तिला पूर्ण भरूनच ठेवायचं. स्थिरावल्यावर १२.७ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.४ च्या खाली गेली की चार्ज मागतेय असं समजायचं. रिकामी राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे घट्ट बसतात, आणि मग चार्जर लावला तरी ती करंट घेतच नाही. शेडमधल्या बॅटरीवर मोजले तेव्हा ८.९ व्होल्ट होते. चार्जरचा हिरवा दिवा दहा मिनिटांत लागला, पोरं खूश झाली, स्पीकर चालू केला आणि 'गणपती बाप्पा' म्हणेपर्यंत बंद. भरल्याचा दिवा लवकर लागला तर तो आनंदाचा नव्हे.

बाकीचं थोडक्यात. निकेलचे चार सेल पार उतरले होते. हे सेल साध्या प्रकारचे असतील तर महिन्याला पाचव्या हिश्श्याहून जास्त आपोआप गमावतात, पण त्यांचं दुखणं जीवघेणं नसतं. संथ चार्जरवर दोन-तीन फेऱ्या केल्यावर तीन सेल वळणावर आले, चौथा नाही आला. भोंग्यात सेल तसेच राहिल्याने ते गळून स्प्रिंगा हिरव्या झाल्या होत्या. सेल अल्कलाइन होते म्हणून व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून काम भागलं. एक पॉवर बँक फुगली होती. तिला न टोचता, न चार्ज करता वाळूच्या बादलीत घराबाहेर ठेवली, आणि सगळ्या टाकाऊ लिथियम बॅटऱ्यांच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ई-कचरा संकलनात दिल्या. लेड-ॲसिड मात्र नवी घेताना दुकानदारच परत घेतो, वर पैसेही देतो. वॉकी-टॉकीच्या अकरा बॅटऱ्या, स्पीकरची एक आणि किरकोळ, असं सगळं तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलं. पथकाच्या हिशोबात हे दोन नव्या ढोलांचे पैसे होते आणि बैठकीत ते ऐकवलंही गेलं.

बैठकीत पहिली सूचना आली ती अर्थातच, "सगळं फुल चार्ज करून ठेवू या." दुसरी, "फ्रिजमध्ये ठेवू या." फ्रिजची मी तिथेच मोडून काढली: बाहेर काढल्यावर बॅटरीवर दव धरतं, शिवाय कुणाच्या घरी भाजीच्या कप्प्यात बारा बॅटऱ्या नऊ महिने ठेवून घेतील? पहिल्या सूचनेशी भांडायला वेळ लागला. 'भरून ठेवा' हे आपल्या अंगात मुरलेलं आहे, कारण घराघरांतल्या इन्व्हर्टरने आपल्याला तेच शिकवलं. इन्व्हर्टर बहुतेक लेड-ॲसिडचा, तिथे ते बरोबरच आहे. तोच नियम लिथियमला लावला की घोळ होतो.

खरा बदल मात्र रसायनशास्त्रातला नव्हता. आम्ही ठरवलं ते एवढंच, की विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बॅटरीबाबत कुणी काही ठरवायचं नाही. त्या सकाळी एकच काम: सगळ्या बॅटऱ्या संचांतून काढून एका लाल क्रेटमध्ये टाकायच्या आणि क्रेट शेडमध्ये न ठेवता नारायण पेठेतल्या एका वादकाच्या घरी न्यायचा. वाडा जुना, भिंती हातभर जाड, तळमजल्यावर फडताळ. झोप झाली, अंग हलकं झालं की तीन-चार दिवसांनी बसायचं.

२०२४ ची अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती, आम्ही बसलो २२ तारखेच्या रविवारी, मिसळ खाऊन. लिथियम अर्ध्यावर आणायचं, तर अर्धं ओळखायचं कसं? सुट्या सेलवर मल्टिमीटरने ३.७ ते ३.८५ व्होल्ट. ड्रिलच्या पॅकवर आणि पॉवर बँकेवर दिवे असतात, चारातले दोन. टॉर्चला काहीच दाखवायला नव्हतं, म्हणून ते पूर्ण भरले आणि मोबाइलवर गजर लावून अर्ध्या वेळापर्यंत जाळले. फडताळासमोर पाच टॉर्च पेटलेले बघून वाड्यातल्या आजींनी विचारलं, "आज लाइट गेलेत का रे?" बॅटऱ्यांवर मार्करने आकडे घातले, पट्ट्यांवर कागदी टेप, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी. निकेलचे सेल भरून. स्पीकर पूर्ण भरून, बॅटरीची एक वायर काढून. भोंगा रिकामा.

मग वही. शंभर पानी, शाळेची. तारखा मी सणांना बांधल्या, कारण 'दर तीन महिन्यांनी' हे पुण्यात कुणाच्या लक्षात राहिलेलं मी पाहिलं नाही: कोजागिरी, संक्रांत, पाडवा, अक्षय्य तृतीया. लिथियमचं फक्त वाचन, ३.६ च्या खाली गेलं तरच थोडं भरायचं. स्पीकर प्रत्येक वेळी चार्ज.

मधलं सगळं गोड झालं असं नाही. पाडव्याला, ३० मार्चला, वाडेकरी कोकणात गेले होते आणि ते वाचन राहिलं. अक्षय्य तृतीयेला एक स्पीकर १२.३ वर सापडला. रात्रभर चार्ज केला, दुसऱ्या दिवशी अर्धा तास हनुमान चालिसा लावून पाहिली, तरला. उन्हाळ्यात लेड-ॲसिडही लवकर उतरते, दर दहा अंशांना वेग साधारण दुप्पट, त्यामुळे मार्चनंतर खरं तर महिन्याला एकदा बघायला हवं. वहीत तसा बदल केलाय.

त्याच उन्हाळ्यात दोन छोटे तापमापक घेतले, कमाल-किमान लक्षात ठेवणारे. एक शेडमध्ये पत्र्याखाली, एक फडताळात. एप्रिलअखेर शेडची कमाल ४८.६, फडताळाची ३२.४. दोन्ही जागांमध्ये चालत वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर.

जून २०२५ च्या वाद्यपूजनाला बाराच्या बारा वॉकी-टॉकी बोलू लागले. बॅटऱ्या ३.८२ वरून ३.७८ वर आल्या होत्या, एवढंच. दोन्ही स्पीकर चालले, ड्रिल चाललं. टॉर्च मात्र पाचच. सहावा ध्वजांच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात राहिला होता, क्रेटमध्ये आलाच नव्हता. शेडमध्ये वर्ष काढून तो गेला. कुणी मुद्दाम तुलनेसाठी ठेवला असता तर इतका चोख जमला नसता.

या निकालावर मी स्वतःच दोन आक्षेप घेतो. एक, बॅटऱ्या नव्या होत्या, नवी बॅटरी कुठेही थोडी जास्त सोसते. दोन, २०२५ चा मे मे नव्हताच. वळवाने धुमाकूळ घातला आणि २६ मेला मॉन्सून पुण्यात दाखलही झाला, म्हणजे उन्हाळ्याचा शेवटचा कडक तुकडा आम्हाला माफ झाला. त्यामुळे याच बॅटऱ्या आणखी दोन वर्षं बघायच्या आहेत.

आणि फडताळाचं काय, तर वाडा पुनर्विकासाला निघालाय. वाडेकरी धायरीला सातव्या मजल्यावर भाड्याने जाणार, वर थेट गच्ची. ते म्हणतात, क्रेट तिकडेच नेऊ, हौसेने सांभाळतात ते. दुसरी जागा शुक्रवार पेठेत, तळमजल्यावर, पण मोरीला लागून. पोरांनी मतदान घेऊ म्हटलं. मी दोन्ही घरी एकेक तापमापक ठेवून आलोय, आठ दिवसांसाठी. मोरीशेजारचा ओलावाही दाखवतो. पहिल्या दुपारी धायरीहून फोन आला: "काका, छत्तीस झालंय, आणि अजून दोनच वाजलेत."